समुद्रावर दूध-तुपाविना तीन दिवस: नाशिकहून निघणाऱ्या कुटुंबासाठी स्वयंपाकाची क्रमवार तयारी

‘आपण तसेही शाकाहारीच, मग व्हीगन खाण्यात अवघड ते काय?’ असं म्हणत निघालेली घरं किनाऱ्यावर पहिल्याच रात्री अडकतात. व्हीगन म्हणजे मांस-मासेच नव्हे, दूध, तूप, अंडं, मध असं प्राण्यांकडून येणारं काहीच न खाणं. साडेनऊला खानावळीत बसल्यावर कळतं की वरणाला तुपाची फोडणी आहे, पोळ्यांना तूप लावलंय आणि वांग्याच्या भाजीत सुकट, म्हणजे सुकी मासळी, आहे. मग व्हीगन माणूस कोरडा भात-लोणचं खातो, बाकीच्यांना उगाच अपराधी वाटतं आणि सहलीची चव जाते. चूक खानावळीची नसते. आपण कामं उलट्या क्रमाने केलेली असतात: आधी बुकिंग, मग बॅगा आणि सगळ्यांत शेवटी जेवणाचा विचार.

खालचा क्रम सहा माणसांसाठी आहे: चार मोठी, दोन मुलं, शुक्रवारी सकाळी निघून रविवारी परत. ठिकाण डहाणू-बोर्डी धरलंय. नाशिकहून त्र्यंबक, जव्हारमार्गे हा किनारा दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. अलिबाग किंवा दिवेआगरला जाणार असाल तरी क्रम हाच, फक्त वाटेतला डबा मोठा लागेल.

## १. आधी घरातला करार: पातेलं सगळ्यांचं, वरचं ज्याचं त्याचं

बहुतेक घरांत सगळे व्हीगन नसतात. एक मुलगी, एखादी सून, कधी नवरा-बायको दोघं. बाकीच्यांना चहात दूध हवं, आजोबांना वरणावर तूप हवं आणि समुद्रावर गेल्यावर एखाद्याला मासा हवाच. अशा वेळी दोन स्वयंपाक करायला गेलात तर सुट्टी ओट्यापाशी संपेल.

नियम एकच ठेवा. पातेल्यात जे शिजेल ते व्हीगन. तूप, दही, लोणी हे सगळं पानात वरून, ज्याचं त्याने घ्यायचं. वरणाला तेलाची फोडणी द्या आणि तुपाची वाटी पंगतीत ठेवा. सासूबाईंना ‘तूप नको’ म्हणण्यापेक्षा वाटी त्यांच्या पानाशेजारी ठेवणं केव्हाही सोपं. चहाचंही तसंच: साखर-आलं-गवती चहा घालून कोरा उकळायचा, व्हीगन माणसाचा कप आधी गाळायचा, मग उरलेल्यात दूध.

मासे घरात शिजणार असतील तर ते शेवटी. आधी व्हीगन जेवण पूर्ण करून झाकून ठेवा, मग मासळीचा तवा चढवा. तवा, उलथणं आणि तळणीचं तेल वेगळं. फ्रीजमध्ये मासळी बंद डब्यात आणि सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवा. वरून पाणी गळलं तर खालची भाजी गेलीच म्हणून समजा.

तपासा: हा करार निघायच्या आठवडाभर आधी सगळ्यांना सांगितलाय ना? गाडीत बसल्यावर सांगितलेला नियम कोणी पाळत नाही.

## २. बुकिंगआधीचा फोन

खोली समुद्रापासून किती पावलांवर आहे हे सगळे विचारतात, स्वयंपाकघराचं कोणी विचारत नाही. तुम्ही हे विचारा:

- स्वयंपाकाची परवानगी आहे का, की फक्त चहापुरती शेगडी आहे?
- गॅस आहे की इंडक्शन? इंडक्शन असेल तर वीज गेल्यावर काय सोय?
- कुकर, मोठं पातेलं, मिक्सर, फ्रीज यांतलं काय मिळेल?
- पिण्याचं पाणी कुठलं? विहिरीचं, नळाचं की जारचं?

घरगुती जेवण घेणार असाल तर मालकीणबाईंना ‘व्हीगन’ एवढंच सांगून ठेवू नका. अर्धे लोक ‘जैन का?’ विचारतात, कांदा-लसूण वगळतात आणि वर प्रेमाने दोन चमचे तूप जास्त घालतात. थेट यादी सांगा: “ताई, आमच्यातल्या दोघांना दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, मध, अंडं काही चालत नाही. मासे, सुकट, सोडे, जवळा पण नको. कांदा, लसूण, तेल, खोबरं, नारळाचं दूध सगळं चालतं.” शेवटचं वाक्य विसरू नका. नुसती नकारांची यादी ऐकली की समोरचं माणूस घाबरतं आणि उकडलेला बटाटा वाढतं.

सुकटीचं मुद्दाम विचारा. किनाऱ्यावर वांग्यात, गवारीत, कधी बटाट्याच्या रश्शातही चवीपुरती सुकट किंवा सोडे पडतात आणि करणाऱ्याच्या लेखी ती भाजीच असते.

## ३. नाशिकमधली तयारी: मंगळवार ते गुरुवार

मंगळवार रात्र: मटकी. ३०० ग्रॅम मटकी भिजत घाला. बुधवारी सकाळी पाणी काढून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत गुरुवार सकाळ उजाडते. मोड आले की कोरडी करून फ्रीजमध्ये ठेवा. मोड आलेलं कडधान्य नेण्यामागे चवीइतकंच पाण्याचं कारण आहे, ते पुढे येईल.

बुधवार: कोरडा मसाला. कांदा-खोबऱ्याचं ओलं वाटण करून नेण्याचा मोह होतो. करू नका, गाडीच्या उन्हात ते आंबतं. त्याऐवजी सुकं खोबरं, तीळ आणि थोडी खसखस खमंग भाजून कोरडं कुटून बरणीत भरा. सोबत घरचा काळा मसाला. कांदा तिथे परतायचा. चव नव्वद टक्के तीच येते आणि नासायचं भय नाही.

गुरुवार: किराणा आणि लेबलं. नाशिकच्या रविवार कारंजा बाजारात किराण्याला जाल तेव्हा पाकिटं उलटून वाचा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध आणि मध दोन्ही बसतात. व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आहे, हिरवं ‘व्ही’ आणि त्यावर पान. त्याचे नियम २०२२ साली आले, पण साध्या बिस्किटांवर ते क्वचितच दिसेल. म्हणून घटकांत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट, लॅक्टोज, बटर हे शब्द शोधा. शेवटी ‘कंटेन्स मिल्क’ अशी ओळ असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. ‘मे कंटेन’ म्हणजे त्याच कारखान्यात दुधाचे पदार्थ होतात एवढंच. ते चालवायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सावध: नारळाच्या दुधाची पावडर नारळाची म्हणून आंधळेपणाने घेऊ नका. अनेक पावडरींत सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधातलं प्रथिन आहे. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या चहाच्या पावडरीतही तेच निघतं. खोक्यातलं पातळ नारळाचं दूध बहुधा नुसतं नारळ-पाण्याचं असतं, तरी वाचूनच घ्या.

सहाजणांना पुरणारं सामान साधारण असं: तांदूळ दीड किलो, तूरडाळ पाव किलो, बेसन अर्धा किलो, जाडे पोहे अर्धा किलो, तांदळाचं पीठ अर्धा किलो, दाण्याचं कूट ३०० ग्रॅम, सोयाबीनच्या वड्या २०० ग्रॅम, तेल पाऊण लिटर, चिंच, गूळ, आमसुलं, हिंग-मोहरी-हळद. कांदे-बटाटे-लसूण इथूनच न्या. नाशिकचा माणूस समुद्रावर जाऊन कांदा विकत घेतो हे काही बरं दिसत नाही. पालेभाजी मात्र नेऊ नका, गाडीत तिचा चोथा होतो.

आमसुलं घरूनच न्या, कारण कोकमाचा खरा मुलूख रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा. डहाणूकडे चिकू आणि ताडगोळे मिळतील, आमसुलं हवी तशी मिळतीलच असं नाही. आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, नेत असाल तर त्यात मीठ असतं हे लक्षात ठेवा.

आणि बी-१२ ची गोळी. ज्यांचं व्हीगन खाणं कायमचं आहे त्यांना हे जीवनसत्त्व बाहेरून घ्यावंच लागतं. औषधाच्या डब्यात टाका, सुट्टीत खंड नको.

## ४. डबा आणि गाडीतली मांडणी

वाटेतला डबा म्हटलं की हात दशमीकडे जातो. पण दशमी दुधात भिजवतात आणि धपाट्यांत बऱ्याच घरी ताक पडतं. त्यापेक्षा तिखट-मिठाच्या पुऱ्या करा: कणीक, थोडं बेसन, तिखट, ओवा, तीळ, तेलाचं कडकडीत मोहन, पाण्यात घट्ट भिजवून. दोन दिवस सहज टिकतात. सोबत शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी आणि तेलावर परतलेला ठेचा. बटाट्याची भाजी नेलीच तर कोरडी न्या आणि दुपारच्या आत संपवा.

जव्हारच्या बाजूला रस्ता वळणांचा आहे. मुलांना वळणांआधी भरपेट तेलकट देऊ नका. आलेपाक जवळ ठेवा, पण काही जण त्यात दूध किंवा साय घालतात, तेव्हा घेताना विचारा.

सामान भरायचा क्रम उतरण्याच्या क्रमाच्या उलट. तांदूळ, डाळी तळाला. सगळ्यांत वर एक वेगळी पिशवी: बेसन, तेल, मसाल्याचा डबा, चार कांदे, लसूण, मीठ, काडेपेटी, चाकू, भांड्यांची घासणी, साबण. ही पहिल्या रात्रीची पिशवी. रात्री आठला पोचून काडेपेटीसाठी सगळी डिकी उपसणाऱ्यांना ही पिशवी वेगळी का, ते सांगावं लागत नाही.

आपला एक तवा, एक उलथणं आणि गाळायला सुती फडकं न्या. तिथल्या तव्यावर मासे तळलेले असतात, कितीही घासला तरी पहिल्या घावनाला वास येतो.

सावध: रेल्वेने जात असाल तर गॅसची टाकी, अगदी छोटीसुद्धा, नेता येत नाही. इंडक्शन शेगडी आणि तिच्यावर चालणारं एक पातेलं न्या.

## ५. पोचल्यावरचा पहिला तास

मुलं पाण्याकडे धावतील. एकाने त्यांच्यामागे जावं, एकाने ओट्यापाशी थांबावं.

आधी पाणी चाखा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी कित्येकदा मचूळ असतं. साबणाला फेस येत नसेल तर ते जडही आहे. अशा पाण्यात तूरडाळ, चणे, वाटाणे लवकर शिजत नाहीत. कुकरच्या सहा शिट्ट्या होऊनही दाणा टणक राहतो आणि बाई बिचारी डाळीला दोष देते. भिजवायला आणि शिजवायला दोन्ही वेळा पिण्याचं जारचं पाणी वापरा. डाळ मऊ झाल्याशिवाय आमसूल, चिंच, टोमॅटो घालू नका, आंबटाने ती आणखी अडते. मोडाची मटकी म्हणूनच नेली: मोड आल्यावर ती अशा पाण्यातही शिजते.

मग गॅस पेटवून बघा, टाकी हलवून बघा. भांडी गरम पाण्याने घासा. फ्रीज चालू करा आणि मटकी आत ठेवा.

पहिल्या रात्री पिठलं-भात. इथे लोक हौस करायला जातात आणि फसतात. पहिल्या रात्री पाण्याचा, शेगडीचा, बाजाराचा कशाचाच भरवसा नसतो. पिठल्याला काही लागत नाही. दीड वाटी बेसन गार पाण्यात, गुठळी राहणार नाही असं पातळ कालवून ठेवा. तेलात मोहरी, हिंग, भरपूर लसूण, मिरची, कांदा, हळद; कांदा गुलाबी झाला की पाच-सहा वाट्या पाणी आणि मीठ. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच पिठाची धार सोडायची, एका हाताने ढवळत. कोमट पाण्यात ओतलंत तर पीठ तळाशी बसतं आणि करपल्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. कच्च्या बेसनाचा वास गेला आणि कडेला तेलाचे बारीक थेंब दिसले की झालं. भात, ठेचा, उरलेल्या पुऱ्या. अर्ध्या-पाऊण तासात सगळे जेवायला बसलेले असतात आणि कुणाला काही वगळलंय हे जाणवतही नाही.

## ६. शनिवार: नारळाचा दिवस

सकाळी कांदेपोहे, त्यात कुणाला काही बदलावं लागत नाही. खरं काम दुपारचं: भात, मटकीची उसळ, खमंग काकडी आणि सोलकढी. काकडीला दही लागत नाही. दाण्याचं कूट, लिंबू, साखर-मीठ आणि वरून तेलाची हिंग-मिरचीची फोडणी.

उसळीला कांदा तेलात चांगला तपकिरी परता, कोरडा खोबरं-तिळाचा मसाला आणि काळा मसाला घाला, मटकी घालून वाफ आणा, मग गरम पाणी. आमसूल शेवटी. ज्यांच्या पानात दुपारी मासा नाही पण झणझणीत काहीतरी हवंय, त्यांच्यासाठी सोयाबीनच्या वड्या उकळत्या पाण्यात फुगवून घट्ट पिळा आणि याच मसाल्यात सुक्या करा. पिळण्यात आळस केलात तर वडी पाणचट लागते आणि मसाला बाहेरच राहतो.

आता नारळ. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

एक मोठा नारळ खोवा. वाटीभर कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढा आणि फडक्यातून पिळा. हे दाट दूध, वेगळं ठेवा. चोथ्यात पुन्हा दीड वाटी पाणी घालून वाटा, पिळा. हे पातळ दूध. मिक्सर नसेल तर खोक्यातलं दूध वापरा, पाट्यावरचं शौर्य सुट्टीत नको.

सोलकढीला आठ-दहा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि कुस्करून गाळा. दोन लसूणपाकळ्या आणि एक मिरची दुसऱ्यांदा वाटताना चोथ्यासोबतच वाटायची, पहिल्या दाट दुधात नको. दाट-पातळ दोन्ही दूध एकत्र करा आणि त्यात आमसुलाचं पाणी थोडं थोडं घाला. रंग फिक्या गुलाबीवर आला की थांबा. मीठ चाखूनच.

चुका टाळा:
- सोलकढी गरम करू नका. फुटते आणि पुन्हा जुळत नाही.
- आमटीत नारळाचं दूध घालायचं असेल तर आधी पातळ, आच मंद. दाट दूध शेवटी घालून गॅस बंद. खळखळ उकळी नको.
- सकाळी करून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवू नका. शिजवलेलं अन्न आणि नारळाचं दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तासाभरातच फ्रीजमध्ये जावं. उरलेला भातही तसाच लगेच आत.

दोन्ही दूध एकत्र करण्याआधीच अर्धी वाटी दाट दूध रविवारसाठी बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा.

## ७. वाळूवर न्यायचा डबा

वाळूत खायचं खाणं एका हाताने, चमच्याशिवाय आणि चटणी न सांडता खाता आलं पाहिजे. चिवडा, चिक्की, फुटाणे, गूळ-दाण्याचे लाडू, तिखट-मिठाच्या पुऱ्यांच्या गुंडाळ्या, धुऊन पुसलेली फळं. बेसनाचा नाहीतर रव्याचा लाडू तुपाचा असतो, तो वेगळ्या डब्यात. शंकरपाळी घरी करणार असाल तर तेलाचं मोहन आणि पाणी वापरा, खुसखुशीत होतात.

पाणी भरपूर न्या. मुलं समुद्रात भिजलेली असतात, म्हणून तहान लागत नाही असं वाटतं. खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हात उलट जास्त लागते. शहाळं उत्तम. पहाटे नीरा मिळाली तर लगेच प्या, ऊन चढलं की ती आंबते.

गाड्यांवर सरसकट नाही म्हणायची गरज नाही. भेळ चालते, दहीपुरी नाही. भाजलेल्या मक्याला लिंबू-मीठ सांगा, बटर नको म्हणून आधीच सांगा, कारण ब्रश हातातच असतो. पावभाजी सोडून द्या. तव्यावर लोणी आधीच पडलेलं असतं आणि ‘बटर कम’ने काही साधत नाही. बर्फाचा गोळा चालतो, रबडीचा नाही. भजी घेताना कढईकडे बघा, त्याच तेलात बोंबील तळले जातायत का.

## ८. एक जेवण बाहेर

शनिवारी रात्री ओट्याला सुट्टी द्या. दुपारीच फोन करून सांगा, आयत्या वेळी गर्दीत सांगितलेलं आत पोचत नाही. मागायचं काय हेही ठरवून जा: तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, डाळीला तेलाची फोडणी, बटाट्याची सुकी भाजी, साधा भात, कांदा-लिंबू. पंजाबी ग्रेव्हीच्या वाटेला जाऊ नका. तिच्यात मलई, खवा किंवा बटर आधीच मिसळलेलं असतं, वेटर कितीही मान हलवो. नानच्या पिठात दही किंवा दूध असतं. तंदुरी रोटी घ्याल तर कोरडी सांगा.

तपासा: ताट आल्यावर, घास घेण्याआधी, एकदाच शांतपणे विचारा: ‘वरून तूप घातलंय का?’ घातलं असेल तर ते ताट घरातल्या दुसऱ्याकडे सरकवा. वाढणाऱ्याच्या हाताची सवय आहे ती, भांडायची गोष्ट नाही.

## ९. रविवार: घावन आणि परतीचा डबा

रात्रीच तांदळाचं पीठ पाण्यात ताकासारखं पातळ कालवून, मीठ घालून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी आपला तवा चांगला तापवा, अर्ध्या कांद्याने तेल फिरवा आणि पीठ कडेकडून मध्याकडे ओता. जाळी पडली नाही तर तवा कमी तापलाय किंवा पीठ दाट आहे. दर घावनाआधी पीठ ढवळा, ते तळाशी बसतं. ठेवलेल्या दाट दुधात किसलेला गूळ आणि वेलची घालून ढवळलं की रस तयार. हाही गरम करायचा नाही. दूध आधी हुंगून बघा. आंबट वास आला तर फेकून द्या आणि घावन चटणीशी खा.

परतीला चिंचेचा भात. भात मोकळा शिजवून परातीत पसरून निवू द्या. तेलात फोडणी, दाणे, सुकी मिरची, मग चिंचेचा घट्ट कोळ आणि गूळ तेल सुटेपर्यंत आटवा आणि भाताला चोळा. गरम भात डब्यात कोंबून झाकण लावलंत तर जव्हारपर्यंत पोचेतो त्याला वास येईल. दुपारच्या जेवणापलीकडे तो ठेवू नका.

निघताना वाटेत घोलवडकडचे चिकू घ्यायचे असतील तर पिकलेले आणि टणक वेगळे मागा. पिकलेले मांडीवर, टणक डिकीत. कुणी सुकी मासळी घेतली असेल तर ती दोन पिशव्यांत घट्ट बांधून चिकूंपासून लांब, शक्य असेल तर टपावर.